ज्युरीतून वगळण्याचे तंत्र: अमेरिकी न्यायालयांतील सकारण आणि अकारण हरकती

‘ज्युरी निवडणे’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी तो फसवा आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही न्यायालयात वकिलाला आपल्या पसंतीचा माणूस ज्युरीत बसवण्याचा अधिकार नसतो. त्याला अधिकार असतो तो फक्त नको असलेल्या माणसाला उठवण्याचा, आणि दोन्ही बाजूंचे उठवणे संपल्यावर खुर्चीत जे उरतात त्यांनाच ज्युरी म्हणायचे. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली की पुढची सगळी रीत समजते. या टप्प्यावर चांगला वकील आपल्याला आवडलेल्या माणसांशी फारसे बोलत नाही आणि ज्यांची भीती वाटते त्यांना मात्र भरपूर बोलू देतो.

अमेरिकेत एलएलएम करणाऱ्या किंवा तिथे वकिली सुरू करणाऱ्या मराठी वाचकांना हा लेख उपयोगी पडावा. नागरिकत्व मिळाल्यावर ज्युरीची नोटीस हाती पडलेल्या, दिवसभर न्यायालयात बसून “आभारी आहोत, आपण जाऊ शकता” एवढेच ऐकून परतलेल्या आणि आपले काय चुकले असा विचार करणाऱ्या मंडळींनाही त्यात उत्तर सापडेल. (चुकलेले बहुधा काहीच नसते.) नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून पुढचे विवेचन संघीय न्यायालयांतील फौजदारी खटला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे आणि राज्यांतील फरक जिथे महत्त्वाचा वाटला तिथेच सांगितला आहे.

आधी हत्यारे ओळखावीत

वगळण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे सकारण हरकत, ज्याला तिथे ‘चॅलेंज फॉर कॉज’ म्हणतात. अमुक व्यक्ती या खटल्यात निष्पक्ष राहू शकत नाही असे कारणासह न्यायाधीशाला पटवून द्यायचे, आणि ते पटले तर ती व्यक्ती बाहेर जाते. अशा हरकतींना संख्येची मर्यादा नाही. दुसरा मार्ग अकारण हरकतीचा, म्हणजे ‘पेरेम्प्टरी चॅलेंज’ किंवा बोली भाषेत ‘स्ट्राइक’. इथे कारण सांगावे लागत नाही, परंतु संख्या मोजून दिलेली असते. संघीय नियमांनुसार एक वर्षाहून अधिक कैदेची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात सरकार पक्षाला ६ आणि बचाव पक्षाला १० अकारण हरकती मिळतात, देहदंडाच्या खटल्यात प्रत्येक बाजूला २०, किरकोळ गुन्ह्यात ३ आणि दिवाणी दाव्यातही ३.

पहिल्या मार्गाला मर्यादा नाही आणि दुसऱ्याला आहे, या एका फरकावर सारे डावपेच उभे आहेत. जो माणूस कारण दाखवून जाऊ शकतो त्याच्यावर अकारण हरकत खर्च करणे म्हणजे सुट्टे पैसे खिशात असताना मोठी नोट मोडणे होय.

कामाचा किंवा घरचा अडसर सांगून ज्यांना न्यायाधीश आपणहून मोकळे करतात, त्यांचा या दोन्ही मार्गांशी संबंध नाही. तसेच जे मुळात पात्रच नाहीत त्यांचाही नाही. संघीय न्यायालयात ज्युररला अमेरिकेचे नागरिकत्व, किमान १८ वर्षे वय, त्या जिल्ह्यात एक वर्षाचे वास्तव्य आणि कामकाज समजण्याइतके इंग्रजी लागते. अनेक राज्यांत ज्युरीच्या याद्या वाहन परवान्यांच्या नोंदींवरूनही तयार होतात, त्यामुळे ग्रीन कार्डधारकाला किंवा कामाच्या व्हिसावरच्या माणसालाही नोटीस येऊ शकते. त्याने ती फेकून देऊ नये. आपण नागरिक नाही असे तिच्यावर स्पष्ट नोंदवून परत पाठवावी. नागरिक असल्याची खूण चुकूनही करू नये, कारण त्याचे परिणाम इमिग्रेशनच्या फायलीत उमटतात.

पहिली पायरी: न्यायाधीशाची पद्धत विचारून घेणे

संभाव्य ज्युररांची उलटतपासणीवजा चौकशी जिथे होते त्या टप्प्याला ‘व्वार दीर’ म्हणतात. जुन्या फ्रेंचमधला मूळ अर्थ ‘खरे बोलणे’ असा आहे. टेक्सासकडे हाच शब्द ‘व्होर डायर’ असा ऐकू येतो, तेव्हा उच्चारावरून बावरू नये. हे प्रश्न कोण विचारणार हे आधी जाणून घ्यावे. संघीय न्यायालयात न्यायाधीश स्वतः सगळे प्रश्न विचारू शकतो आणि वकिलांना केवळ लेखी प्रश्न सुचवण्याची मुभा देऊ शकतो. बऱ्याच राज्यांत मात्र वकील स्वतः उभे राहून बोलतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न हरकतींच्या क्रमाचा आहे. काही न्यायालयांत आधी पुरेशा लोकांची सकारण छाननी पूर्ण करतात आणि मग उरलेल्या पूर्ण यादीवर दोन्ही बाजू अकारण काट मारतात. संघीय फौजदारी खटल्याचा हिशेब करून पाहावा: १२ ज्युरर, अधिक सरकारच्या ६ आणि बचावाच्या १० हरकती, म्हणजे २८. दोन राखीव ज्युरर हवे असतील तर त्यांच्यासाठी प्रत्येक बाजूला एक जादा हरकत मिळते, म्हणजे आणखी ४. एकूण ३२ माणसे छाननीतून पार पडली की काट मारायला सुरुवात करता येते. या पद्धतीत यादी समोर असते आणि आपण कोणाला काढले तर कोण आत येईल हे मोजता येते.

दुसऱ्या पद्धतीत बारा जणांना ज्युरीच्या चौकटीत बसवतात, त्यांच्यावर हरकती घेतात आणि उठलेल्याच्या जागी पुढचे नाव पुकारतात. इथे पुढे कोण येईल हे कोणालाच ठाऊक नसते. शेवटची हरकत वापरून मध्यम त्रासदायक माणूस काढावा आणि त्याच खुर्चीत त्याच्याहून वाईट येऊन बसावा, अशी फजिती याच पद्धतीत होते. म्हणून या पद्धतीत एक हरकत अखेरपर्यंत राखून ठेवण्याचा शिरस्ता आहे आणि तो मोडण्याचा मोह आवरावा.

दुसरी पायरी: कोणाला ठेवू नये, हे ठरवणे

प्रश्नावली असेल तर ती आदल्या रात्री वाचावी. व्यवसाय, पूर्वी ज्युरीत बसल्याचा अनुभव, नात्यातले पोलीस किंवा वकील, स्वतःवर ओढवलेला गुन्हा या नोंदी खऱ्या उपयोगाच्या असतात. समाजमाध्यमांवर जे उघड आहे ते पाहायला हरकत नाही, परंतु संभाव्य ज्युररला मैत्रीची विनंती पाठवणे हा संपर्क ठरतो आणि तो निषिद्ध आहे. अमेरिकन बार असोसिएशनने २०१४ मध्ये हे मत स्पष्टपणे दिले आहे.

प्रत्येक नावापुढे एक ते पाच असा धोक्याचा अंक लिहावा आणि शेजारी दुसरी खूण नेतृत्वाची करावी. गप्प बसणारा विरोधक एक मत देतो. बोलका, ठाम आणि लोकांना सवय झालेल्या अधिकारवाणीने बोलणारा विरोधक पाच मते सोबत घेऊन जातो. शिक्षक, अभियंते, हिशेब तपासनीस यांच्याविषयीचे ठोकताळे मात्र बाजूला ठेवावेत. व्यवसायावरून स्वभाव ओळखण्याच्या आख्यायिका वकिलांच्या खोलीत खूप चालतात. समोरच्या माणसाचे दोन वाक्यांचे उत्तर त्या सगळ्यांपेक्षा अधिक सांगते.

तिसरी पायरी: उत्तर बाहेर येईल असा प्रश्न

“आपण निष्पक्ष राहू शकाल ना?” हा सर्वांत निरुपयोगी प्रश्न आहे. भर न्यायालयात, काळ्या झग्यातल्या न्यायाधीशासमोर, ‘नाही, मी पक्षपाती आहे’ असे कोण म्हणेल? आपल्याकडच्या लोकांना तर चारचौघांत वेगळे मत मांडण्याचा संकोच आणखीच असतो. म्हणून दोन्ही उत्तरे सारखीच सभ्य वाटतील असा प्रश्न विचारावा: “पोलीस अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले म्हणजे ते बहुधा खरेच असणार, असे काहींना वाटते. पोलीसही इतरांसारखाच एक साक्षीदार, असे काहींना वाटते. आपण थोडेसे कोणत्या बाजूला झुकता?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तरच नसते, त्यामुळे माणूस बोलू लागतो.

प्रतिकूल उत्तर आले की नवशिक्या वकिलाचा चेहरा पडतो आणि तो त्या माणसाला समजावू लागतो. इथेच खेळ हातचा जातो. समजावले की माणूस मागे हटतो, त्याचे मत मात्र जागेवरच राहते, आणि शेजारचे दहा जण तोंड मिटून घेतात. त्याऐवजी मनापासून आभार मानावेत आणि विचारावे: “हे स्पष्ट सांगितलेत ते बरे झाले. आणखी कोणाला असेच वाटते?” हात वर येऊ लागतात. प्रत्येक हात नावानिशी किंवा ज्युरर क्रमांकानिशी मोठ्याने नोंदवून घ्यावा, कारण लघुलेखकाच्या कागदावर हात उमटत नाही आणि अपिलात वाचला जातो तो कागदच.

चौथी पायरी: सकारण हरकत पक्की करणे

कारणे अनेक प्रकारची असतात. पक्षकाराशी किंवा वकिलाशी नाते, खटल्याच्या निकालात पैशाचा हितसंबंध, घटनेची प्रत्यक्ष माहिती ही उघड कारणे आहेत आणि त्यांना फारसे कष्ट पडत नाहीत. खरे कष्ट पडतात ते मनातल्या पूर्वग्रहासाठी, उदाहरणार्थ ‘आरोपी निर्दोष असेल तर तो साक्षीला का उभा राहत नाही?’ असे मानणाऱ्या माणसासाठी. आरोपीच्या मौनातून काहीही निष्कर्ष काढू नये हा कायदा आहे, आणि जो तो पाळू शकत नाही तो ज्युरर होऊ शकत नाही.

पण त्याच्या तोंडून एकदा निघालेले वाक्य पुरत नाही. पूर्वमत असणे आणि ते सोडता न येणे यांत कायदा फरक करतो. १९६१ मधील अर्विन विरुद्ध डाउड या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्युरर खटल्याबद्दल पूर्णपणे अजाण असण्याची गरज नाही. आपले मत बाजूला ठेवून न्यायालयातल्या पुराव्यावर निर्णय देता आला तरी पुरे. तरीही त्याच खटल्यात बारांपैकी आठ ज्युरर आधीच आरोपीला दोषी मानत होते आणि केवळ त्यांच्या ‘आम्ही निष्पक्ष राहू’ या आश्वासनावर विसंबणे न्यायालयाला मान्य झाले नाही, म्हणून शिक्षा रद्द झाली.

म्हणून प्रश्नांची साखळी अशी गुंफावी. आधी त्याचेच म्हणणे त्याच्याच शब्दांत परत म्हणावे आणि बरोबर ना, असे विचारावे. मग ते मत किती जुने आहे, कशातून आले, हे बोलू द्यावे. भावाला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवले असे कोणी सांगितले तर ते आदराने ऐकावे. नंतर विचारावे की न्यायाधीशांनी सूचना दिली तरी हे मत पूर्ण पुसून टाकणे अवघड जाईल का, आणि पुरावा सुरू होण्याआधीच एका बाजूचे पारडे थोडे खाली गेलेले असेल का. ‘हो, प्रामाणिकपणे सांगायचे तर जाईल’ हे उत्तर मिळाले की थांबावे. आणखी एक प्रश्न विचारण्याची हौस इथे महागात पडते.

यानंतर प्रतिपक्ष किंवा स्वतः न्यायाधीश त्या माणसाला सावरण्याचा प्रयत्न करतो: “परंतु मी कायदा सांगितला तर तुम्ही तो पाळाल, होय ना?” तो बिचारा मान डोलावतो. याला उपाय एकच, तो म्हणजे आधीच्या उत्तरांत ‘सूचना दिली तरीही’ हे शब्द आलेले असणे. हरकत मांडताना ती ज्युररसमोर कधीही मांडू नये; न्यायाधीशाच्या बाकाजवळ, दबक्या आवाजात, त्याचे नेमके शब्द उद्धृत करून मांडावी. फेटाळली गेली आणि तोच माणूस खुर्चीत राहिला तर त्याच्या नजरेतला राग पुढे आठवडाभर सोसावा लागतो.

देहदंडाच्या खटल्यांत ही छाननी वेगळीच धार घेते. देहदंडाला केवळ तात्त्विक विरोध असणे हे वगळण्याचे कारण नाही, असे १९६८ मधील विदरस्पून निकालाने ठरवले. त्या मतामुळे ज्युरर म्हणून कर्तव्य बजावण्यात ठोस अडथळा येत असेल तरच वगळता येते, असे १९८५ च्या विट निकालाने सांगितले. उलट बाजूने, दोष सिद्ध झाला की देहदंडच द्यायचा असे मानणाऱ्यालाही बचाव पक्ष वगळू शकतो, हे १९९२ मधील मॉर्गन निकालात आहे.

हरकत फेटाळली गेली तर अपिलासाठी मुद्दा जिवंत ठेवणे हे वेगळे काम आहे. फेटाळलेल्या हरकतीतल्या माणसाला आपण अकारण हरकतीने काढले आणि अखेर बसलेली ज्युरी निष्पक्ष निघाली, तर केवळ एक हरकत वाया गेली म्हणून घटनात्मक तक्रार करता येत नाही. रॉस विरुद्ध ओक्लाहोमा या १९८८ च्या निकालाचा हा अर्थ आहे. म्हणून अनेक राज्यांत वकिलाने आपल्या सर्व अकारण हरकती संपवाव्यात, जादा हरकत मागावी आणि ती मिळाली असती तर कोणाला काढले असते त्याचे नाव नोंदवावे, अशी अपेक्षा असते.

पाचवी पायरी: अकारण हरकती खर्च करणे

कारण न देता माणूस नाकारण्याचा हा हक्क मराठी मुलखाला अगदी परका नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली आपल्याकडे ज्युरी बसत होती, आणि नानावटी खटल्यातला मुंबईच्या ज्युरीचा आठ विरुद्ध एक असा निवाडा तर सर्वांना ठाऊक आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट अधिनियम, १९३६ खाली मुंबईच्या पारशी वैवाहिक न्यायालयात न्यायाधीशासोबत बसणाऱ्या प्रतिनिधींवर पक्षकाराला कारण न सांगता हरकत घेता येते, अशी तरतूदही आहे.

अमेरिकेत या हरकती वापरताना आधी धोक्याचे अंक पुन्हा पाहावेत आणि प्रतिपक्ष स्वतःहून कोणाला काढेल याचा अंदाज घ्यावा. दोघांनाही नकोसा वाटणारा माणूस समोरच्याने काढू द्यावा. काही न्यायालयांत दोन्ही बाजू एकाच वेळी बंद कागदावर नावे देतात, तिथे दोघांनी एकाच माणसावर काट मारून हरकत वाया घालवल्याचे प्रसंगही येतात. ज्युरीच्या चौकटीतल्या पद्धतीत मात्र ‘सध्याची ज्युरी मान्य’ असे म्हणून वाट पाहता येते. पण दोन्ही बाजूंनी लागोपाठ मान्य म्हटले तर निवड तिथेच संपू शकते, हे विसरू नये.

सहावी पायरी: बॅटसन हरकत

कारण सांगावे लागत नाही याचा अर्थ कोणतेही कारण चालते असा नाही. १९८६ मधील बॅटसन विरुद्ध केंटकी या खटल्यात सरकारी वकिलाने यादीतल्या चारही कृष्णवर्णीयांना अकारण हरकतीने काढले होते. वंशावरून असे वगळणे समान संरक्षणाच्या हक्काचा भंग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे हाच नियम १९९१ मध्ये दिवाणी दाव्यांना, १९९२ मध्ये बचाव पक्षाच्या हरकतींना आणि १९९४ मध्ये लिंगभेदाला लागू झाला.

अशा वगळण्याविरुद्ध प्रतिपक्ष घेतो ती बॅटसन हरकत. ती तीन टप्प्यांत चालते आणि ज्युरीने शपथ घेण्यापूर्वी, माणसे अजून इमारतीत असतानाच उपस्थित करावी. पहिल्या टप्प्यात हरकत घेणारा भेदभावाचा संशय यावा इतपत परिस्थिती दाखवतो. दुसऱ्यात काट मारणाऱ्याने वंशनिरपेक्ष कारण द्यायचे असते, आणि इथे कायदा फारच उदार आहे: १९९५ मधील पर्केट निकालात लांब केस आणि दाढीमिशा हे कारणसुद्धा या टप्प्यापुरते चालले. तिसऱ्यात ते कारण खरे की बनावट हे न्यायाधीश ठरवतो. सगळी लढाई तिसऱ्या टप्प्यावर होते.

तिथे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तुलना. वगळलेल्या कृष्णवर्णीयाला लावलेले कारण ठेवलेल्या गोऱ्यालाही लागू पडते का, ते पाहावे. २००८ च्या स्नायडर खटल्यात शिकाऊ शिक्षकाला त्याच्या कामाचा खोळंबा होईल म्हणून काढले होते, पण त्याहून तातडीच्या अडचणी सांगणारे गोरे ज्युरर ठेवले होते. शिक्षा रद्द झाली. प्रश्नांची संख्याही मोजावी. मिसिसिपीत एकाच गुन्ह्यासाठी सहा वेळा खटला चाललेल्या फ्लॉवर्स प्रकरणात सरकार पक्षाने सहा खटल्यांत मिळून काढता येण्याजोग्या ४२ पैकी ४१ कृष्णवर्णीयांना काढले होते, आणि सहाव्या खटल्यात काढलेल्या पाच कृष्णवर्णीयांना १४५ तर बसवलेल्या अकरा गोऱ्यांना १२ प्रश्न विचारले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच आकडे निकालपत्रात मांडले. हा हिशेब कोणीतरी नोंदींतून काढलेला होता. बॅटसनची तयारी म्हणजे शेवटी असे मोजणेच.

भाषेच्या बाबतीत मराठी माणसाने एक निकाल जरूर माहीत करून घ्यावा. १९९१ मधील हर्नांडेझ विरुद्ध न्यूयॉर्क खटल्यात स्पॅनिश जाणणाऱ्यांना वगळले गेले, कारण साक्ष स्पॅनिशमध्ये होणार होती आणि स्वतः ऐकलेले सोडून दुभाष्याचे भाषांतरच प्रमाण मानण्याबाबत ते घुटमळले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते वगळणे ग्राह्य धरले. मराठी साक्षीदाराच्या खटल्यात मराठी ज्युररलाही हाच प्रश्न पडू शकतो.

बॅटसनमध्ये हेतू सिद्ध करावा लागतो आणि तो क्वचितच सापडतो, ही जुनी तक्रार आहे व ती रास्त आहे. त्यावर वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये नवा नियम केला: तटस्थ निरीक्षकाला वंश किंवा मूळ हा घटक असू शकतो असे वाटले तरी अकारण हरकत रद्द होते, हेतू दाखवावा लागत नाही. पोलिसांवरचा अविश्वास, गुन्हेगारीच्या वस्तीत राहणे, इंग्रजी मातृभाषा नसणे ही कारणे तिथे मुळातच संशयास्पद मानली आहेत. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून फौजदारी खटल्यांत तोच मार्ग धरला. ॲरिझोनाने तर १ जानेवारी २०२२ पासून अकारण हरकतीच बंद केल्या. इंग्लंडमध्ये त्या १९८९ पासून आणि कॅनडात २०१९ पासून नाहीत. ॲरिझोनात वकिली करायची असेल तर या लेखातली चौथी पायरी दोनदा वाचावी, कारण तिथे तेवढीच उरली आहे.

शपथ झाल्यानंतर

ज्युरीने शपथ घेतली की हरकतींचा काळ संपतो. नंतर एखाद्या ज्युररने काही लपवल्याचे कळले तर १९८४ च्या मॅकडोनो निकालाची कसोटी लागते: महत्त्वाच्या प्रश्नाला त्याने प्रामाणिक उत्तर दिले नाही, आणि खरे उत्तर मिळाले असते तर सकारण हरकतीला वैध आधार मिळाला असता, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. नेमका प्रश्न विचारलाच नसेल तर हा मार्ग बंद होतो.

नावांपुढे लिहिलेले अंक आणि टिपणे फाडून टाकू नयेत, पण ती परक्याने वाचली तरी चालतील अशीच लिहावीत. जॉर्जियातील १९८७ च्या फॉस्टर खटल्यात सरकार पक्षाच्या यादीवर कृष्णवर्णीयांची नावे हिरव्या रंगाने ठळक केली होती आणि बाजूला ‘बी’ असे अक्षर लिहिले होते. राज्याच्या खुल्या दस्तऐवजांच्या कायद्याखाली ती पाने बचाव पक्षाच्या हाती पडली, आणि २०१६ मध्ये त्याच पानांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने फॉस्टरच्या बाजूने निकाल दिला.